काकू, प्यायचं पाणी आहे ते

यवतेश्वरचा घाट चढताना देव आठवतो आणि उतरताना गुडघे, असं आमच्या ग्रुपमधले जुने पळणारे म्हणतात. त्या रविवारी उतरताना मला तिसरंच काही आठवत होतं. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनचा पंधरावा किलोमीटर, सकाळचे सव्वाआठ, खाली धुक्याचा कापूस, त्यातून मधूनच वर आलेला अजिंक्यतारा, कडेला टाळ्या वाजवत उभी असलेली पोरं. नेमका पाऊस नव्हता. एरवी त्या दिवसांत तिथे भुरभुर असतेच, आणि तिच्याच भरवशावर मी लेकीनं वाढदिवसाला दिलेल्या राखाडी टाइट्स घालून आले होते. चढ संपला, उतार लागला, पावलं आपोआप लांब पडायला लागली, टाचा धाडधाड आपटायला लागल्या, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर ते झालं. आधी एक कोमट थेंब. पुढच्या पावलाला आणखी एक. मग पावलागणिक. मांड्या आवळून उभी राहिले की थांबायचं, पळायला लागले की पुन्हा सुरू. खाली पाहिलं तर राखाडी कापडावर गडद रंगाचा एक नकाशा मांडीच्या आतल्या बाजूनं सावकाश खाली सरकत होता.

पुढे पाण्याचं टेबल होतं. मी एक बाटली उचलली, झाकण फिरवलं आणि तोंडाला न लावता सरळ कमरेवरून खाली ओतली. मग दुसरी. टेबलामागे कॉलेजातला एक पोरगा उभा होता, पहाटेपासून उभा असावा, डोळे तांबारलेले. तो अगदी कळवळून म्हणाला, "काकू, प्यायचं पाणी आहे ते."

मी "सॉरी रे बाळा" म्हणाले आणि पळाले.

एवढंच झालं. मेडल मिळालं, फोटो झाले, येताना कंदी पेढे घेतले. फोटोत मी कमरेपासून बुटांपर्यंत निथळत होते. कुणीतरी विचारलं, हे काय गं? मी म्हटलं, "फार उकडत होतं, घेतलं ओतून." उकडत होतं! सप्टेंबरात, साताऱ्यात, धुक्यात! आणि कुणालाही ते खटकलं नाही. परतीच्या वाटेवर खंबाटकी येईपर्यंत मी त्याच एका गोष्टीवर घुटमळत होते. थेंब गळाले याचं वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त बोचत होता तो माझा सराईतपणा. बाटली उचलताना मी क्षणभरसुद्धा विचार केला नव्हता. हात आपसूक गेला होता. हे मी कधी शिकले? कुणाकडून शिकले?

आमच्या ग्रुपमध्ये शरीराबद्दल बोलायला कुणाची ना नसते. शनिवारी वेताळ टेकडीवरून उतरून पोह्यांच्या गाडीपाशी जमलो की गुडघे, पोटऱ्या, टाचा, काळीनिळी पडून गळालेली नखं यांची साग्रसंगीत चर्चा होते. लांब पळताना टी-शर्ट घासून पुरुषांच्या छातीतून रक्त येतं, म्हणून ते तिथे चिकटपट्ट्या लावतात. कुठल्या कंपनीची पट्टी घामानं सुटत नाही, हे मला एका पन्नाशीतल्या बँक मॅनेजरांनी पोहे खाता खाता, अगदी बोटानं जागा दाखवून समजावलं होतं. तिसाव्या किलोमीटरला पोट बिघडून झाडामागे धावल्याची कथा तर आमच्यातले एक काका पानिपतच्या थाटात सांगतात आणि आम्ही दर वेळी हसतो. बायकाही बोलतात. ब्रा काचते, मांड्या घासतात, व्हॅसलीन लाव, सगळं. फक्त ही एक गोष्ट कधी कुणाच्या तोंडून आली नव्हती.

पण साताऱ्याहून आल्यावर मला एक दिसायला लागलं. आमच्यातल्या पस्तिशीपुढच्या झाडून साऱ्या बायका काळ्या टाइट्स घालतात. टी-शर्ट पोपटी, बूट गुलाबी, टोपी नारिंगी, आणि कमरेखाली अमावस्या. काळा रंग बारीक दाखवतो, मळखाऊ असतो, सगळ्यावर जातो. कारणं पाठ असतात सगळ्यांना. मी एकीला धीर करून विचारलं. ती बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता म्हणाली, "मी पॅड लावल्याशिवाय तीन वर्षांत पळलेले नाहीये. तुला काय वाटलं, तुझं एकटीचंच?" मग नाडीची गाठ पुन्हा सोडून पुन्हा बांधत बसली.

आमच्या आईचं शिंकणं हा लहानपणी आम्हा भावंडांच्या चेष्टेचा विषय होता. शिंक यायला लागली की ती हातातलं काम टाकून ओट्याची कड घट्ट धरायची, एक पाय दुसऱ्यावर आवळून घ्यायची, किंचित वाकायची आणि मगच शिंकायची. आम्ही त्याला "आईचा डान्स" म्हणायचो. भाऊ पाहुण्यांसमोर नक्कल करून दाखवायचा. आईही हसायची, पण बेतानं. जास्त हसायचीही तिला सोय नव्हती, हे आता कळतं. कराडहून पुण्याला एसटीनं यायचं असलं की आदल्या रात्रीपासून ती पाणी बंद करायची. निघताना सगळ्यांना हाकलायची, "असो-नसो, जाऊन या." आजीचं त्याही पुढचं. ती उकिडवी बसायची नाही, चुलीपुढे पाट घेऊन एका अंगावर टेकायची. "अंग येतं गं," असं कुणालातरी दबक्या आवाजात म्हणाल्याचं आठवतं. मला वाटलं होतं, अंगावर काहीतरी येतं, देवीबिवी. तिच्या नऊवारीच्या काष्ट्याखाली जुन्या लुगड्याच्या घड्या असायच्या आणि त्या घड्या परसात सगळ्यात मागच्या दोरीवर, दुसऱ्या कापडाखाली झाकून वाळायच्या. आजीच्या घड्या, आईचा डान्स, माझ्या दोन बाटल्या. घराण्याची विद्या म्हणायची ती हीच.

गंमत म्हणजे आपल्याकडे ओटीचं केवढं कौतुक. लग्नात ओटी, डोहाळजेवणात ओटी, माहेराहून निघताना ओटी. मूठमूठ तांदूळ, नारळ, खण, हळकुंड. माझी आजवर शेकडो वेळा ओटी भरली गेली असेल. पण हे सगळं ज्या ओटीपोटात भरायचं त्याला तळ असतो आणि तो कशानं तोलला जातो, हे त्रेचाळीस वर्षांत एकाही बाईनं मला सांगितलं नाही. समोर जांघेच्या मधल्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय सगळा संसार त्या झोळीत. श्वास घेतला की ती किंचित खाली जाते, सोडला की वर येते. दिवसभर, झोपेतसुद्धा. बाळंतपणात ती कल्पनेपलीकडे ताणली जाते आणि चिमटा लावून बाळ काढलं असेल तर काही वेळा हाडापासून उसवतेसुद्धा. माझ्या थोरल्याला चिमटा लावूनच काढलं होतं. त्यानंतर मला शेक मिळाला, शेगडी मिळाली, धुरी मिळाली, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, कंबर आवळून बांधायला आईची मऊ सुती साडी मिळाली. झोळीबद्दल चकार शब्द नाही. टाके भरले ना? भरले. झालं तर मग.

दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांकडे विषय काढला होता. फाइलमधून मान वर न काढता त्या म्हणाल्या, "दोन मुलं झाल्यावर होतंच एवढंतेवढं. पळणं बंद करा, चालत जा." कागदावर लिहिलं, स्ट्रेस इनकॉन्टिनन्स. घरी तो कागद नवऱ्यानं वाचला आणि फार प्रेमानं म्हणाला, "तू ऑफिसचा स्ट्रेस जरा कमी घे." महिनाभर मी प्राणायाम वाढवला. इनकॉन्टिनन्स म्हणजे लघवी न थोपणं, आणि त्यातला स्ट्रेस मनावरचा नव्हे, पोटावरचा आहे, म्हणजे खोकला, शिंक, हसू, उडी, धावणं यांनी आतून पडणारा दाब, हे मला फार नंतर कळलं. मराठीत तर या प्रकाराला धड नावच नाही. लहान मुलाला शू होते. बायका "जरा आत जाऊन येतात". आणि हे? "ते होतं." "कंट्रोल राहत नाही." कर्ता नाही, कर्म नाही.

साताऱ्यानंतर मात्र त्या नाडीवाल्या मैत्रिणीनं फिजिओथेरपिस्टचा पत्ता दिला. मला वाटत होतं फिजिओ म्हणजे मान, पाठ, गुडघे. कोथरूडात एका जुन्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतीवर कटिभागाचं चित्र, टेबलावर प्लास्टिकचा हाडांचा सांगाडा. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान मुलगी. तिनं इतक्या सहज विचारलं, "थेंब जातो की धार? पळताना जातं, की दार उघडताना कुलपात किल्ली घालताच घाई होते?" की मीही तितक्याच सहज उत्तरं दिली. मग ग्लोव्ह घालून तपासलं. "आवळा," म्हणाली. मी जिवाच्या आकांतानं आवळलं. "ताई, तुम्ही श्वास कोंडून खाली ढकलताय. वर घ्यायचंय." पुन्हा केलं. पुन्हा खाली. बोलणंच खुंटलं माझं. ती म्हणाली, नुसतं तोंडी सांगितलं की पुष्कळ बायकांचं हेच होतं. १९९१ साली अमेरिकेतल्या एका लहानशा अभ्यासात तर चौघींतली एक उलट गळती वाढेल असाच जोर लावत होती. मग तिनं मला जी खूण सांगितली ती मी जन्मात विसरणार नाही. "असं समजा, पंगतीत बसलाय, शेजारी व्याही आहेत, आणि वारा सरू द्यायचा नाहीये. ते जे मागे आवळता ना, ते तसंच पुढे आणा आणि वर उचला." आणि ते जमलं! त्रेचाळीसाव्या वर्षी माझ्याच शरीरातल्या एका स्नायूची आणि माझी पहिली भेट झाली, ती व्याह्यांच्या पंगतीत.

तिनंच एक हिशेब मांडला. पळताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून वजनाच्या दोन-अडीच पट दणका येतो. माझं वजन अठ्ठावन्न, म्हणजे धरा दीडशे किलोच्या आसपास. अडीच तास पळले, मिनिटाला एकशे साठ पावलं, तर चोवीस हजार दणके. त्यातला बराचसा पाय आणि कंबर पचवतात, पण झोळीवरही प्रत्येक वेळी झटका येतोच. निरोगी झोळी त्यासाठी पाऊल टेकायच्या क्षणभर आधीच ताणून तयार होते, सासूची चाहूल लागताच पदर सावरावा तशी. माझी उशिरा सावरत होती, आणि थकल्यावर सावरतच नव्हती. म्हणून पाचव्या किलोमीटरला काही नाही आणि पंधराव्याला नकाशा. उतारावर लांब ढांगा टाकल्या की दणका वाढतो. म्हणून तिनं पावलं आखूड आणि भरभर टाकायला सांगितली. पळणं बंद करा असं काही ती म्हणाली नाही.

माझ्या मनात अडकलं होतं ते निराळंच. १९२८ साली ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका आठशे मीटर धावल्या, तर त्यांना हे झेपत नाही असं ठरवून ती शर्यत १९६० पर्यंत बंद ठेवली गेली. १९६७ मध्ये कॅथरीन स्वित्झर बोस्टन मॅरेथॉन धावली, तेव्हा इतकं पळाल्यानं बाईचं गर्भाशय गळून पडेल असं बजावणारे लोक होते, हे तिनंच पुढे सांगितलंय. आजीच्या भाषेत, अंग येईल. ऑलिंपिकमध्ये बायकांना मॅरेथॉन धावायला मिळायला १९८४ उजाडलं. एवढं भांडून मिळवलेलं पळणं आणि मी आता उठून सांगू, की हो, खालून गळतंय? "मग पळता कशाला?" हे वाक्य प्रत्येकाच्या ओठावर तयार असतं. आईच्याही होतं. म्हणूनच बहुधा आपण तिघी-चौघी काळ्या टाइट्सच्या आड गप्प बसतो. फिजिओला हे बोलून दाखवलं तर तिनं दोन गोष्टी सांगितल्या, ज्या मी घरी येऊन पुन्हा शोधून वाचल्या. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या खेळाडू मुलींना विचारलं गेलं. वीसेक वर्षांच्या, एकही बाळंतपण न झालेल्या. शंभरातल्या अठ्ठावीस जणींनी खेळताना थेंब जातात असं सांगितलं. म्हणजे नुसतं बाळंतपणावर ढकलून चालणार नाही. आणि १९९७ मध्ये जुन्या ऑलिंपिकपटू बायकांना गाठलं. उड्या मारणाऱ्या, कसरती करणाऱ्या एकीकडे, पोहणाऱ्या दुसरीकडे. उतारवयात दोघींच्या तक्रारींत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. दुसरी गोष्ट वाचून मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून हसले. पहिली वाचून मात्र लेकीच्या खोलीत डोकावले. ती सोळा वर्षांची आहे, बास्केटबॉल खेळते. काळ्याच शॉर्ट्स घालते. विचारायला अजून तोंड उघडलेलं नाही.

व्यायाम म्हणजे अर्नोल्ड केगल नावाच्या डॉक्टरनं १९४८ मध्ये जगापुढे मांडलेला. आपल्या मूलबंधाशी त्याचं जवळचं नातं दिसतं, पण योगवर्गात आमच्या सरांनी मूलबंध शिकवताना "मूलाधार जागृत होतो" एवढंच सांगून डोळे मिटले होते, आणि शंका विचारायची कुणाची टाप होती? दिवसातून तीनदा, दर वेळी आठ-दहा वेळा वर उचलायचं, धरायचं, आणि पूर्ण सोडायचं. सोडणं हा निम्मा व्यायाम. सतत आवळून ठेवलेला स्नायूही ऐनवेळी कामाला येत नाही. आणि मी तर आयुष्यभर पोट आत घेऊन फोटोला उभी. पळायला जायच्या आधीचा चहा बंद झाला. पाणी मात्र उलट वाढलं, कारण घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला चरचरवते. आणि आईचं "असो-नसो जाऊन ये" हेही सोडायला लागलं. रिकामं असताना पुन्हा पुन्हा जाऊन मूत्राशयाला थोडक्यातच कळ यायची सवय लागते म्हणे. हे सोडणं सगळ्यात अवघड गेलं. शर्यतीच्या सुरुवातीला फिरत्या संडासांपुढे बायकांची रांग दिसली की पाय आपोआप तिकडे वळतात.

तीन महिने तरी कराच, असं बजावलं होतं. लक्षात राहावं म्हणून मी ते सिग्नलला बांधून टाकलं. ऑफिसला जाताना कर्वे रोडवर पहिला लांब सिग्नल लागतो तो नळ स्टॉप. हसू नका. पहिल्या दिवशी हेल्मेटच्या आत मीही मोठ्यानं हसले होते, आणि हसताना एक थेंब गेलाच. नव्वद सेकंद, दहा वेळा वर, दहा वेळा खाली. शेजारी रिक्षावाला तंबाखू मळतोय, मागचा हॉर्न बडवतोय, आणि मी मूर्तीसारखी समोर बघत गाडीवर. सहाव्या आठवड्यापर्यंत काडीचा फरक नव्हता. चिडून दोन आठवडे सोडूनही दिलं. पुन्हा धरलं. मग एका सकाळी टेकडी उतरून खाली आले आणि पोहे अर्धे संपल्यावर ध्यानात आलं की आज काही झालंच नाही.

दिवाळीत कराडला गेले तेव्हा आई मिक्सरमध्ये चिवड्याची मिरची फिरवत होती. ठसका लागला. ओट्याची कड, पायावर पाय, तोच डान्स. मी विचारलं, "आई, तुझं हे कधीपासून?" तिला कळलं मी काय विचारतेय. मिक्सरचं झाकण पुसत राहिली. "तुझ्या भावाच्या वेळेपासून," म्हणाली. भाऊ अठ्ठेचाळीसचा आहे. मी मनात वजाबाकी केली आणि गप्प बसले. मग माझं सांगितलं, साताऱ्याचं, बाटल्यांसकट. आधी म्हणाली, "इतकं आपटायचं कशाला बायकांनी?" थोड्या वेळानं म्हणाली, "दोन्ही बाटल्या?" आणि तोंडाला पदर लावून इतकी हसली की तिला उठून आत जावं लागलं. बाहेर आल्यावर मी तिला पंगतीची खूण सांगितली. खोकायच्या आधी क्षणभर आवळून धरायचं, मग खोकायचं, हेही सांगितलं. तिच्या वयात किती उपयोग होईल, मी फिजिओ नव्हे. तू तिथल्या डॉक्टरांना दाखव, एवढं म्हटलं. ती काही बोलली नाही. अजून दाखवलेलंही नाही. पण परवा फोनवर बोलता बोलता एकदम म्हणाली, "थांब हं." पलीकडे शांतता. एक सेकंद, दोन सेकंद. मग खोकला. मग, "हं, काय म्हणत होतीस?"

या वर्षी पुन्हा सातारा. चढ नेहमीसारखा जीवघेणा, वर धुकं, या खेपेला भुरभुर पाऊससुद्धा. उतारावर पावलं आखूड ठेवली, शेजारून तरणी पोरं सूं सूं करत पुढे गेली, जाऊ दिलं. पंधरावा किलोमीटर कोरडा गेला. अठराव्याला, समर्थ मंदिराकडे उतरताना, एक थेंब गेला, पाठोपाठ आणखी एक. पाण्याच्या टेबलापाशी एक मुलगी बाटल्या पुढे करत उभी होती. मी एक घेतली, उभी राहून अर्धी प्यायले, उरलेली हातात धरून क्षणभर घोटाळले, आणि झाकण लावून पुढच्या वळणापर्यंत तशीच घेऊन गेले. तिथे तीही संपवली. टाइट्स मात्र काळ्याच घातल्या होत्या.